जुना हाफ प्लेट लाकडी कॅमेरा पुन्हा वापरात आणायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

निखिल_सांगली
नमस्कार मंडळी. चुलत आजोबांच्या बंद झालेल्या स्टुडिओतील एक लाकडी कॅमेरा नुकताच माझ्या ताब्यात आला आहे. त्यावरील पट्टीवर थॉर्नटन-पिकार्ड, ऑल्ट्रिंगम असे निर्मात्याचे नाव असून मॉडेल 'इंपीरियल' आहे. माप हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. लाकूड महोगनी असावे. तळपाट तीन टप्प्यांत लांबतो आणि दातेरी पट्ट्या अजून नीट फिरतात.

बाकीची अवस्था अशी आहे. भिंगाची चौकट आणि पाठ जोडणारा तांबड्या चामड्याचा भाता कोपऱ्यांवर झिजला आहे, पितळ काळवंडले आहे, भिंगापुढे बसणाऱ्या रोलर ब्लाइंड शटरचा कापडी पडदा चिकट झाला आहे आणि प्रतिमा पाहून नेम धरण्याची मागची घासलेली काच तडकली आहे. सोबत बुक फॉर्म पद्धतीचे, म्हणजे पुस्तकासारखे उघडणारे, तीन लाकडी प्लेट होल्डर (यांत काचेची प्लेट घालून कॅमेऱ्याला लावतात) आणि काचेच्या निगेटिव्हची एक पेटी मिळाली आहे.

कॅमेरा शोभेसाठी ठेवायचा नाही, त्यावर फोटो काढायचे आहेत. येथील एक पॉलिशवाला लाकूड घासून, मेलामाइन मारून 'नवाकोरा' करून द्यायला तयार आहे आणि तो मोह मला आवरत नाही. भाता नवा करावा की जुनाच सांधावा? लाकूड आणि पितळ यांचे काय करावे?

पितळी_झाकण
भात्याबद्दल निर्णय घेण्याआधी तो तपासून पाहा. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, भाता शेवटच्या टप्प्यापर्यंत ताणा, आत मोबाइलचा दिवा ठेवून मागची बाजू जाड काळ्या कापडाने झाका आणि डोळे अंधाराला सरावल्यावर बाहेरून प्रत्येक कोपरा पाहा. चामडे बाहेरून कितीही खराब दिसले तरी आतले काळे अस्तर शाबूत असेल, तर प्रकाश आत येत नाही. छिद्रे मोजकी असतील तर लवचीक काळा रंग आतल्या बाजूने, पातळ थरांत, ब्रशच्या टोकाने लावावा. बाहेरून ठिगळे चिकटवू नयेत, कारण ठिगळाच्या जाडीमुळे भाता पूर्ण मिटत नाही आणि मग कॅमेरा बंद करताना जोर लावावा लागतो.

चामड्याला तेल लावण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. तेल अस्तरापर्यंत झिरपते आणि घड्यांमधल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा गोंद सोडवते, म्हणून तो मानू नका.

शुभदा
पितळ आमच्या सासूबाईंकडे पाठवा. पितांबरी आणि चिंच यांच्या जोरावर त्यांनी समया, घंघाळे आणि एकदा सासऱ्यांच्या घड्याळाची केससुद्धा लखलखीत केली आहे. घड्याळ तेव्हापासून बंद आहे, हा भाग वेगळा.

सुतारपक्षी
शुभदाताईंच्या विनोदात खरी धोक्याची सूचना आहे. या काळातील इंग्रजी कॅमेऱ्यांच्या पितळावर लाखेचा पारदर्शक थर दिलेला असे. आज जे काळवंडलेले दिसते, ते बरेचदा हा थर मळून झालेले असते. पावडरीने घासले की थर जातो, कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि पांढरा गाळ स्क्रूच्या खाचांत कायमचा बसतो. मऊ कापड, किंचित साबणाचे पाणी आणि लगेच कोरडे पुसणे, एवढेच करावे.

लाकडाच्या बाबतीत माझे मत याहून कडक आहे. महोगनीवर बहुधा लाखेचेच फ्रेंच पॉलिश आहे. खात्री करायची असेल तर तळाच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाखच. मग काम सोपे आहे. टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापसाने मळ काढायचा, चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवायची आणि मलमलीत कापूस बांधून तिचे हलके हात द्यायचे. जुना थर नव्या थरात मिसळतो. पॉलिश पेपर लावायचाच नाही, कारण सरकणाऱ्या पाटांच्या खाचा केसाएवढ्या सुटीवर बेतलेल्या असतात; तेथे लाकूड घासले गेले तर पुढची चौकट डुलू लागते आणि मेलामाइनचा थर चढला तर पाट अडकतो. दोन्ही दोष पुढे दुरुस्त होत नाहीत.

सुटलेले सांधे सरसानेच जोडा. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होत नाही.

रत्नागिरीचा_पाऊस
सरस? आमच्याकडे जुलै महिन्यात तो आपला आपणच सुटतो, उष्णता द्यावी लागत नाही. कोकणात राहणाऱ्याने फेविकॉल लावावा आणि शांत झोपावे.

सुतारपक्षी
सांगलीत तेवढा ओलावा नाही आणि कॅमेरा कपाटात राहणार आहे, अंगणात नाही. तरी तुमचा मुद्दा पूर्णपणे चुकीचा नाही. समुद्रकाठी मी ताण पडणाऱ्या सांध्याला पांढरा गोंद चालवून घेईन, पण भात्याच्या चौकटीला कदापि नाही, कारण भाता कधीतरी काढावाच लागतो.

मिरजकर
भाता नवा करायची वेळ आलीच तर मिरजेत चौकशी करा. येथे तंतुवाद्यांचे कारागीर आहेत आणि पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, दुरुस्ती करणारेही आहेत. पेटीचा भाता म्हणजे कापड, पुठ्ठा, चामडे आणि गोंद. कॅमेऱ्याचा भाता म्हणजेही तेच. सांगलीहून तुम्हाला अर्धा तास लागेल.

पितळी_झाकण
साहित्य तेच असले तरी गणित वेगळे आहे, मिरजकर. पेटीच्या भात्याने हवा धरायची असते आणि त्याच्या घड्या मोजक्या व जाड असतात. कॅमेऱ्याच्या भात्याने प्रकाश अडवायचा असतो, मोठा ताण घ्यायचा असतो आणि मिटल्यावर दोन चौकटींमधल्या अरुंद फटीत मावायचे असते. शिवाय हा भाता पुढे निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्येक घडीची पट्टी वेगळ्या लांबीची कापावी लागते. चामडे कडेला तासून पातळ करणे हे कसब मात्र पुस्तके बांधणाऱ्या चांगल्या बाइंडरकडे असते. मी नवा भाता करायचा झाल्यास पेटीवाल्याच्या आधी बाइंडरकडे जाईन आणि जुना भाता नमुना म्हणून त्याच्यासमोर ठेवीन.

काळा_पडदा
वरच्या प्रतिसादांत भाता, लाकूड आणि पितळ यांचीच चर्चा चालली आहे, आणि ते साहजिकच आहे, कारण डोळ्यांना प्रथम तेच दिसते. परंतु ज्याला फोटो काढायचे आहेत त्याने सर्वांत आधी कॅमेऱ्याची पाठ तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घासलेल्या काचेची खरबरीत बाजू आणि होल्डरमधल्या प्लेटची इमल्शनची, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील थराची, बाजू या दोन्ही भिंगापासून एकाच अंतरावर याव्या लागतात. आजच्या चार बाय पाच इंची फिल्म होल्डरसाठी अमेरिकी मानक आहे. त्यात फिल्म ज्या तळावर टेकते त्याची खोली ०.१९७ इंच असून ०.००७ इंच इकडेतिकडे चालते, म्हणून कोणाचाही होल्डर कोणत्याही कॅमेऱ्याला चालतो. हाफ प्लेटच्या लाकडी होल्डरांना असे सर्वमान्य मानक नव्हते आणि ते त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून दिलेले असत. तेव्हा ते तीन होल्डर कॅमेऱ्याइतकेच मोलाचे समजा.

मोजणे अवघड नाही. होल्डरमध्ये प्लेट घालून सरकते झाकण काढा, चौकटीवर पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरच्या खोली मोजणाऱ्या दांडीने पट्टीपासून प्लेटपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत व मध्ये मोजा. मग तेच माप काचेच्या चौकटीवर घ्या. चूक किती चालेल, याचा हिशेब असा: कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी (निगेटिव्ह कागदावर थेट टेकवून काढलेल्या प्रिंटसाठी) ०.१ मिलिमीटरचा धूसर ठिपका क्षम्य मानला, तर एफ/८ वर (हे भिंगाच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ मिलिमीटर आणि एफ/३२ वर सुमारे ३.२ मिलिमीटर एवढी सूट मिळते. नवी काच बसवताना खरबरीत बाजू भिंगाकडेच हवी. ती उलटी बसवली तर काचेच्या जाडीएवढी चूक होते.

आता दुसरी गोष्ट, जी कोणीच विचारली नाही. निगेटिव्हच्या त्या पेटीत काय आहे? त्या प्लेटा याच कॅमेऱ्यातून निघाल्या असतील, तर कॅमेऱ्याचा आजारपणाचा इतिहास त्यांवर लिहिलेला आहे. निगेटिव्हवर नको असलेला प्रकाश काळा दिसतो. भात्याला छिद्र असेल तर काळा डाग धूसर असतो आणि भात्याच्या ताणानुसार जागा बदलतो. होल्डरची कापडी बिजागरी गळत असेल, तर प्लेटच्या एका ठरावीक कडेला पट्टा येतो आणि तोही ठरावीक होल्डरमधल्या प्लेटांवरच येतो. भिंगाने प्लेट पाहून डोळ्यांच्या पापण्या सुट्या दिसतात का तेही पाहा. दिसत असतील तर काच व प्लेट यांचे अंतर त्या काळी जुळलेले होते.

प्लेटा फक्त कडांना धरा. इमल्शनच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूला चमक कमी असते तिला, कापडसुद्धा लावू नका. प्रत्येक प्लेट आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून लांब कडेवर उभी ठेवा.

भिंगरी
वरील लेखनात एक छोटी दुरुस्ती सुचवते. काच उलटी बसवली तर होणारी चूक पूर्ण जाडीएवढी नसते. प्रकाश काचेतून जाताना प्रतिमा जाडीच्या साधारण एक-तृतीयांश मागे सरकते, त्यामुळे निव्वळ चूक दोन-तृतीयांश उरते. दोन मिलिमीटरच्या काचेला ती सव्वा मिलिमीटरहून थोडी अधिक भरेल.

काळा_पडदा
मान्य. तरीही ०.८ च्या सुटीबाहेरच, तेव्हा काच सरळच बसवावी.

रत्नागिरीचा_पाऊस
पण स्टुडिओत दुसरा मोठा कॅमेराही असणार. पेटीतल्या प्लेटा याच कॅमेऱ्याच्या आहेत हे कशावरून ठरवायचे?

काळा_पडदा
होल्डरमधल्या ज्या खाचेवर प्लेटची कड टेकते, तेथे प्रकाश पोहोचत नाही. म्हणून निगेटिव्हच्या चारही बाजूंना पारदर्शक किनार राहते. हाताने बनवलेल्या होल्डरांच्या खाचा तंतोतंत सारख्या नसतात. किनार आणि खाच शेजारी ठेवून ताडून पाहावी.

लीड्सकर
माझा अनुभव इंग्लंडमधला आहे. येथील जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारांत हाफ प्लेटचे होल्डर टोपलीत पडलेले दिसतात आणि स्वस्तही असतात, पण एकाच निर्मात्याच्या दोन मॉडेलांत ते अदलाबदल करता येतील याची खात्री नसते. कॅमेरा सोबत नेल्याशिवाय घेऊ नयेत.

मुंबईच्या चोरबाजारात खरेदी करू पाहणाऱ्यांसाठी थोडे विषयाला धरूनच सांगतो: मुरादाबादकडे बनणारे शोभेचे लाकूड-पितळी कॅमेरे तेथे 'ब्रिटिशकालीन' म्हणून मांडलेले असतात. मागे घासलेली काच आणि होल्डर सरकवण्याची खाच आहे का, पुढची चौकट खरोखर वरखाली होते का आणि भिंगाला उघडझाप करणारी पाकळ्यांची यंत्रणा आहे का, एवढे पाहिले तरी फसवणूक टळते. निखिल यांचा कॅमेरा या कसोट्यांवर अस्सल वाटतो.

निखिल_सांगली
सर्वांचे आभार. पॉलिशवाल्याला तूर्त नकार कळवला आहे.

काळा_पडदा यांच्या सांगण्यावरून निगेटिव्हची पेटी खिडकीपाशी उघडली. बहुतेक प्लेटा बसलेल्या व्यक्तींच्या आहेत आणि कित्येक चेहऱ्यांवर पेन्सिलीने केलेले रीटचिंग स्पष्ट दिसते. होल्डरांच्या दोन्ही बाजूंना १ ते ६ असे क्रमांक आहेत. त्यांपैकी ४ क्रमांकाच्या बाजूच्या खाचेतून लाकडाची एक कपची उडालेली आहे, आणि काही निगेटिव्हच्या पारदर्शक किनारीत नेमका त्याच जागी, त्याच आकाराचा काळा दात आत घुसलेला आहे. कपची उडाली तेथे प्रकाश पोहोचला, असा मी अर्थ लावतो. म्हणजे या प्लेटा निश्चितपणे याच होल्डरमधल्या आहेत. त्याच प्लेटांवर लांब कडेने काळपट पट्टा आहे, आणि तो बिजागरीच्या बाजूला येतो. इतर क्रमांकांच्या प्लेटांवर तो नाही. पापण्या जवळपास सर्वत्र सुट्या दिसतात.

भात्याची अंधारातली तपासणीही केली. पुढच्या, निमुळत्या टोकाच्या कोपऱ्यांवर सुईच्या टोकाएवढी काही छिद्रे आहेत; बाकी अस्तर धड आहे.

सुतारपक्षी
मग भाता नवा करण्याचा विषयच संपला. कोपरे आतून रंगवा. बिजागरीसाठी बाइंडरचे काळे कापड घ्या आणि ते मैद्याच्या खळीने चिकटवा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात. येथे ते नको, कारण पितळ आणि इमल्शन दोन्ही शेजारी आहेत. कापड लावल्यानंतर होल्डर पूर्ण मिटतो का हे पाहा. कापड जाड झाले तर प्लेटची पातळी बदलेल आणि वर केलेली सगळी मोजमापे वाया जातील.

पितळी_झाकण
शटरबद्दल लिहायचे राहिले. थॉर्नटन-पिकार्डच्या रोलर ब्लाइंडमध्ये आयताकृती खिडकी असलेला पडदा स्प्रिंगच्या ताणाने एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जातो. गुंडी जितकी पिळाल तितका ताण वाढतो, आणि तबकडीवर १५ ते ९० असे आकडे असतात, म्हणजे सेकंदाचा पंधरावा ते नव्वदावा भाग. पडद्याचे रबर लावलेले कापड विटले की ते स्वतःलाच चिकटते. जुना पडदा फाडून काढू नका. खिडकीचे माप, तिचे दोन्ही टोकांपासूनचे अंतर आणि दोरीची गुंडाळण्याची दिशा कागदावर उतरवून मगच सोडवा. नवा पडदा पातळ, प्रकाश न झिरपणाऱ्या काळ्या कापडाचा हवा. ठेवून देताना स्प्रिंग नेहमी सैल ठेवा. कोणी गंज सोडवणारा फवारा मारायला सांगितला तर त्याला हात जोडा, कारण तो पडद्यावर उडतो आणि तुम्ही पुन्हा मूळपदावर येता.

भिंगरी
शटर दुरुस्त होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. फोटोचा ब्रोमाइड कागद प्लेटच्या मापाचा कापून, मागे साध्या काचेचा आधार देऊन होल्डरमध्ये घाला आणि कागदी निगेटिव्ह करा. कागदाची संवेदनक्षमता साधारण आयएसओ ६ धरली, तर एफ/३२ वर सावलीत पाचेक सेकंद लागतात आणि भिंगाची टोपीच शटरचे काम करते. कामही लाल दिव्यात होते.

मात्र भिंगावरचे आकडे नीट वाचा. भिंग रॅपिड रेक्टिलिनियर या जुन्या प्रकारचे असेल आणि सर्वांत मोठ्या छिद्रापाशी ४ कोरलेले असेल, तर ते एफ/४ नव्हे. १८८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ठरलेल्या जुन्या 'युनिफॉर्म सिस्टिम'मध्ये ४ म्हणजे एफ/८, १६ म्हणजे एफ/१६ आणि ६४ म्हणजे एफ/३२. आकडा दुप्पट झाला की प्रकाशनाचा काळही दुप्पट होतो. शंका असेल तर नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून पाहा.

भिंगाच्या जोडकाचांत कडेला पिवळेपणा किंवा इंद्रधनुषी वर्तुळे दिसली, तर तो काचा जोडणारा डिंक, म्हणजे कॅनडा बाल्सम, सुटल्याचा परिणाम आहे. कडेपुरता असेल तर त्याला हात लावू नका; छिद्र लहान केल्यावर त्याचा फारसा उपद्रव होत नाही.

लीड्सकर
पुढे फिल्म वापरायची झाली तर दोन मार्ग आहेत. प्लेटच्या जागी बसणारी पातळ पत्र्याची फिल्म शीथ मिळवा आणि पाच बाय सातची फिल्म अंधारात पाव इंच व अर्धा इंच कापून हाफ प्लेट करा. कापताना खुणेची खाच असलेला कोपरा शाबूत ठेवा, नाहीतर अंधारात इमल्शनची बाजू कळणार नाही. किंवा इल्फर्ड ही फिल्म बनवणारी ब्रिटिश कंपनी वर्षातून एकदा विशेष मापांच्या फिल्मची मागणी स्वीकारते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

रत्नागिरीचा_पाऊस
एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? मागे चार बाय पाचची नवी पाठ बसवा, बाजारात मिळणारे होल्डर वापरा आणि मोकळे व्हा.

काळा_पडदा
मूळ लाकूड न कापता, जुन्या पाठीच्याच खाचांत बसणारी वेगळी चौकट करून घेतली तर माझी काहीच हरकत नाही. पण हे भिंग हाफ प्लेटसाठी आहे, म्हणजे बहुधा आठ-साडेआठ इंचांचे. लहान मापावर दृश्याचा कोन अरुंद होईल आणि घराच्या खोलीत माणसांचा गट मावणार नाही. मूळ होल्डर चालू स्थितीत असताना मी तो मार्ग आधी घेणार नाही.

रत्नागिरीचा_पाऊस
तुम्ही होल्डर शोधत बसा, मी तोवर फोटो काढतो.

निखिल_सांगली
बिजागरी बदलली, भात्याचे कोपरे रंगवले, नवी काच खरबरीत बाजू भिंगाकडे ठेवून बसवली. मोजमापात प्लेट काचेपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर मागे येते. भिंतीशी तिरक्या धरलेल्या फळीवर वर्तमानपत्र चिकटवून, मधल्या ओळीवर नेम धरून, भिंग पूर्ण उघडे ठेवून कागदी निगेटिव्ह काढले. मधल्या ओळीपेक्षा कॅमेऱ्याच्या बाजूची ओळ अधिक स्पष्ट आली. हे मापाशी जुळते का?

भिंगरी
जुळते. प्लेट मागे असेल तर जवळची वस्तू स्पष्ट येते. काच आणि तिच्या खाचेमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या कार्डाच्या पट्ट्या चारही बाजूंना घाला, म्हणजे काच तेवढी मागे सरकेल. पट्ट्या चिकटवू नका, काच दाबून धरणाऱ्या पट्ट्याच त्यांना धरतील.

निखिल_सांगली
तसे केले आणि आता नेम धरलेली ओळच सर्वांत स्पष्ट येते. काळा पट्टाही गेला. लाखेचे हात सुतारपक्षी यांच्या पद्धतीने सावकाश देईन. आता अडचण तिपाईची आहे. तळपाटात पितळी कडे असलेले मोठे गोल छिद्र आहे आणि आजच्या तिपाईचा स्क्रू त्यात बसत नाही.

लीड्सकर
ती फिरती चकती बसण्याची जागा आहे. मूळ लाकडी तिपाईचे तीन पाय थेट त्या चकतीला लागत. चकती हरवली असेल तर छिद्राच्या मापाची जाड अॅल्युमिनियमची थाळी लेथवर करून घ्या, तिला वरून मोठी कड ठेवा आणि मध्ये तीन-अष्टमांश इंची आटे पाडून घ्या. छिद्राचा आतला व्यास आणि तळपाटाची जाडी मोजून येथे द्या, म्हणजे आराखडा काढून टाकतो.